काळ्या दगडावरचा उजेड : एकच घाट वर्षभर टिपण्याची एका हौशी छायाचित्रकाराची पद्धत

गेली नऊ वर्षे मी वाईच्या कृष्णाकाठच्या घाटांची छायाचित्रे काढतो आहे. पोटापाण्याचा उद्योग हिशेबांचा असल्यामुळे छायाचित्रण ही रविवारची आणि सुटीच्या दिवसांची हौस आहे. या हौसेची पहिली दोन वर्षे मी कासच्या पठारापासून कोकणच्या किनाऱ्यापर्यंत सगळीकडे हिंडलो, हजारोंनी फोटो काढले, आणि त्यांतले एकही आज माझ्या भिंतीवर नाही. भिंतीवर सध्या दहा छायाचित्रे आहेत आणि ती सगळी घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या घाटांची आहेत. असे का झाले याचा विचार करता करता एक पद्धत ठरत गेली : एक जागा, एक लेन्स, एक वर्ष आणि वर्षाअखेर बारा छायाचित्रे. ज्यांनी नुकताच कॅमेरा घेतला आहे किंवा ज्यांना फोनवरच्या फोटोंच्या पलीकडे काहीतरी करावेसे वाटते आहे, त्यांच्यासाठी ती पायरीपायरीने मांडतो. पक्षी, क्रिकेटचे सामने किंवा लग्नसमारंभ टिपणाऱ्यांना तिचा फारसा उपयोग नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

पहिली पायरी : जागा ठरवणे

जागा घरापासून अर्ध्या तासाच्या आत असावी, कारण जिथे जाण्यासाठी बेत आखावा लागतो तिथे आपण वर्षातून दोनदाच जातो. तिथे कुठल्या तरी एका बाजूने मोकळे आभाळ असावे, म्हणजे उजेड बदलताना दिसतो. दगड, पाणी, झाड, भिंत असे काहीतरी न हलणारे असावे आणि माणसे आपापल्या कामासाठी तिथे येत-जात असावीत. केवळ फिरायला येणारी माणसे असतील, तर सगळ्यांच्या हातात फोन आणि चेहऱ्यावर तेच हसू दिसते.

वाईत गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह असे आळ्यांच्या नावांनी ओळखले जाणारे घाट आहेत. त्यांपैकी गणपती आळीचा घाट मी निवडला. गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ तिथेच आहे आणि पुराचे पाणी दुभंगावे म्हणून त्याची मागची भिंत मत्स्याकार, निमुळती बांधलेली आहे. त्या एका भिंतीवर मी दोन वर्षे घालवली आहेत. मेणवलीचा घाट याहून देखणा आहे आणि जवळही आहे, पण चित्रपटांमुळे तो सगळ्यांच्या डोळ्यांत आधीच बसलेला आहे. तिथे गेलो की माझ्याकडून दुसऱ्या कुणाचा तरी फोटो निघतो. मुंबईत राहणाऱ्याला बाणगंगा, पुण्यात मंडई, नाशकात गोदाघाट अशा जागा सुचवता येतील, पण आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेली पिठाची गिरणीसुद्धा चालेल. जागा प्रसिद्ध नसली तर उलट काम सोपे होते.

पहिल्या महिन्यात त्या जागेची भेटकार्डासारखी चित्रे काढून होतात. ती मनसोक्त काढावीत. ती संपली आणि आता इथे काढण्यासारखे काही उरले नाही असे वाटू लागले, की तेव्हा थांबायचे नाही; माझ्या अनुभवात कामाची सुरुवात तिथूनच होते.

दुसरी पायरी : कॅमेरा घरी ठेवून चार फेऱ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. एका आठवड्यात चार वेगवेगळ्या वेळी, हातात फक्त वही आणि पेन्सिल घेऊन त्या जागी जावे आणि अर्धा तास बसून उजेड कुठून येतो, कशावर पडतो आणि कुठे पोहोचत नाही हे लिहावे. उजेडाचे वर्णन करायला मराठीत शब्दांची ददात नाही. झुंजुमुंजू, तांबडे फुटणे, कोवळे ऊन, तिरीप, कवडसा, रखरखीत ऊन, उतरती उन्हे, संधिप्रकाश, तिन्हीसांज हे शब्द आपण कवितेतले समजून सोडून देतो, पण छायाचित्रकाराच्या दृष्टीने ती तांत्रिक परिभाषा आहे. कवडशात उजेडाला कडा असते आणि बाकी सगळे अंधारात असते. संधिप्रकाशात सावलीच पडत नाही. तिरीप एका बाजूने येते आणि दगडावरची छिन्नीची खूण न् खूण दाखवते. वहीत ‘सकाळी सात, छान उजेड’ असे लिहिले तर पुढच्या वर्षी त्याचा काही उपयोग होत नाही. ‘सात दहा, दिंडीदरवाजातून तिरीप, तिसऱ्या पायरीपर्यंत, पाच मिनिटांत गेली’ असे लिहिले तर होतो.

याच वहीत सूर्याची जागाही नोंदवावी. सूर्य पूर्वेला उगवतो हे शाळेतले वाक्य वर्षातून दोनच दिवस काटेकोरपणे खरे असते. वाई साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि या अक्षांशावर सूर्योदयाची जागा जूनच्या अखेरीपासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंत क्षितिजावर सुमारे ५० अंशांनी दक्षिणेकडे सरकते. म्हणजे जूनमध्ये ज्या भिंतीवर सकाळचे ऊन थेट पडते, ती डिसेंबरमध्ये सावलीत असू शकते. दुपारचेही तसेच आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथे सूर्य भर माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच विरते आणि माणसांच्या डोळ्यांच्या जागी काळी भोके दिसतात. जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा तसे होते, पण तेव्हा ढगांमुळे ते कळत नाही. डिसेंबरमध्ये मात्र सूर्य दुपारी बारालाही सुमारे ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे आपल्याकडच्या हिवाळ्यात दुपारसुद्धा तिरकी असते आणि ती वाया घालवू नये. दुपारी फोटो काढूच नयेत हा सल्ला मेमध्ये योग्य आहे, डिसेंबरमध्ये नाही.

वाईच्या पश्चिमेला डोंगर आहेत. त्यामुळे पंचांगात सूर्यास्ताची वेळ काहीही असो, घाटावरचे ऊन त्याआधीच जाते, पण आभाळ बराच वेळ उजळलेले राहते आणि सावलीतल्या दगडावर आभाळाचा निळसर उजेड उतरतो. हे मला कोणत्याही ॲपने सांगितले नाही, वहीने सांगितले. तुमच्या जागेच्या भोवतीही उंच इमारत, चिंचेचे झाड, टेकडी असे काहीतरी असेलच आणि ते सूर्याचे वेळापत्रक बदलत असेल.

तिसरी पायरी : एक लेन्स आणि बारा क्लिक

कॅमेरा कोणता घ्यावा यावर माझ्याकडे सांगण्यासारखे थोडेच आहे. आहे तो चालेल. फोन असेल तर त्याचा मुख्य कॅमेरा वापरावा आणि बोटांनी ताणून झूम करू नये, कारण त्यात चित्र फक्त कापून मोठे केले जाते. लेन्स बदलता येणारा कॅमेरा असेल तर मोठ्या (फुल-फ्रेम) सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या पट्टीवर, ५० मिलिमीटरची किंवा त्याहून दीडपट लहान (क्रॉप) सेन्सरवर ३५ मिलिमीटरची, न सरकणारी एकच लेन्स वर्षभर लावावी. झूम लेन्समध्ये वाईट काही नाही, पण एकाच लेन्सने महिना-दोन महिने काम केले की कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकटीत काय मावेल हे डोळ्याला कळू लागते आणि पाय आपोआप दोन पावले मागे किंवा पुढे जातात. हा सराव झूममध्ये होत नाही. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या एका लेन्सवर केले, ते साधनांच्या टंचाईमुळे नव्हे.

होमाई व्यारावाला यांचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या पहिल्या भारतीय महिला वृत्तछायाचित्रकाराच्या हातात ज्या कॅमेऱ्यांनी वर्षानुवर्षे सोबत केली, त्यांत रोलायफ्लेक्स होता. त्याची लेन्स बदलता येत नाही आणि त्याच्या एका रोलवर चौकोनी बाराच छायाचित्रे बसतात. बारानंतर रोल बदलावा लागतो आणि तेवढ्यात समोरचा प्रसंग निघून जातो, त्यामुळे प्रत्येक वेळी बोट दाबण्याआधी विचार होतो. मी मेमरी कार्डावर हीच मर्यादा स्वतःला घालून घेतली आहे : एका फेरीत बारा क्लिक. सुरुवातीला हा नियम जाचक वाटतो. पहिल्या दहा मिनिटांत नऊ संपतात आणि मग उरलेली तीन घेऊन तासभर बसावे लागते. त्या तासाभरात मात्र जे दिसते ते एरवी दिसले नसते. काढलेले लगेच पाहू नये म्हणून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मी काळी चिकटपट्टीही लावून पाहिली, पण पुढच्या पायरीत सांगितलेल्या कारणासाठी ती काढावी लागली.

चौथी पायरी : काळा दगड, पांढरे धुके आणि कॅमेऱ्याची समजूत

एक्स्पोजरविषयी, म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा याविषयी, लिहिणारे तीन गोष्टी सांगतात. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले छिद्र, ते मोठे केले की उजेड जास्त आणि स्पष्टतेची खोली, म्हणजे जवळचे-दूरचे एकदम स्पष्ट दिसण्याचा पल्ला, कमी. शटर स्पीड म्हणजे ते दार किती वेळ उघडे राहते, आणि आयएसओ म्हणजे मिळालेल्या उजेडाला किती वाढवून घ्यायचे. यांपैकी कुठलीही एक गोष्ट एका स्टॉपने बदलली की चित्रातला उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो. हे सगळे आठवडाभरात हाताला सवयीचे होते. जे लवकर कळत नाही आणि आपल्याकडच्या छायाचित्रकाराला सर्वांत जास्त छळते, ते म्हणजे कॅमेऱ्याचा उजेडमापक.

समोर जे आहे ते सरासरीने मध्यम राखाडी असावे, असे हा मापक गृहीत धरतो. आपल्याकडचे घाट, लेणी, किल्ले, जुनी देवळे काळ्या बेसाल्टची असतात आणि काळी पाषाणभिंत चौकटभर आली की कॅमेऱ्याला वाटते इथे अंधार आहे. मग तो उजेड वाढवतो आणि काळाभोर दगड सिमेंटसारखा राखाडी होऊन बसतो. माझी पहिल्या वर्षाची सगळी छायाचित्रे अशीच आहेत. घाट अगदी अलीकडे कुणी प्लास्टर करून दिल्यासारखा दिसतो. उपाय सोपा आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचे बटण उणे दोन-तृतीयांश ते उणे एक स्टॉपवर ठेवावे. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी नदीवर धुके असते तेव्हा याच्या नेमके उलट घडते. चौकटभर पांढरे पाहून कॅमेरा घाबरतो, उजेड कमी करतो आणि धुक्याचा धूर होतो, म्हणून तिथे अधिक एक स्टॉप द्यावा. काळ्या पायरीवर उन्हात पांढरे धोतर किंवा पांढरी साडी आली तर दोन्ही अडचणी एकत्र येतात. अशा वेळी मी पांढऱ्याला वाचवतो आणि दगड काळा पडू देतो, कारण डिजिटल चित्रात पांढऱ्यातला तपशील एकदा जळाला की तो परत आणता येत नाही, सावलीतला मात्र बराचसा उचलता येतो. जळालेला भाग कॅमेऱ्याच्या हिस्टोग्रामवर, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उजेड दाखवणाऱ्या आलेखावर, उजव्या काठाला चिकटलेला दिसतो. मागच्या पडद्यावरची चिकटपट्टी मी काढली ती एवढे पाहण्यासाठी.

सुरुवात करणाऱ्याने अ‍ॅपर्चर स्वतः ठरवावे आणि बाकीचे कॅमेऱ्यावर सोपवावे, असे मला वाटते. दिवसा एफ/८ (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) आणि आयएसओ २०० हे बहुतेक वेळा पुरते. पहाटे आयएसओ १६०० पर्यंत न्यायला घाबरू नये, कारण आयएसओ वाढवल्यावर चित्रात उमटणारे थोडे दाणे चालतात, हललेले चित्र चालत नाही. हातात धरून काढताना शटर स्पीड किमान लेन्सच्या मिलिमीटरइतका तरी वेगवान असावा, म्हणजे ५० मिलिमीटरला निदान १/६० सेकंद, आणि १/१२५ धरले तर निश्चिंत राहता येते. कपडे आपटताना उडणारे थेंब थांबवायचे असतील तर १/१००० च्या आसपास जावे, आणि वाहते पाणी रेशमासारखे हवे असेल तर ट्रायपॉडवर अर्धा सेकंद द्यावा. रेशमी पाण्याची मला आता शिसारी आली आहे, हे जाता जाता नमूद करतो. कॅमेऱ्यातल्या बॅटरीने दगा दिला किंवा मापकावर विश्वास बसेनासा झाला तर एक जुना आडाखा आहे : लख्ख उन्हात एफ/१६ ठेवावे आणि शटर स्पीड आयएसओच्या आकड्याइतका ठेवावा, म्हणजे आयएसओ २०० ला १/२०० सेकंद. फिल्मच्या काळात यावर पिढ्यांनी फोटो काढले.

पाऊस पडून गेल्यानंतरचा काळा दगड हा वेगळाच विषय आहे. ओला बेसाल्ट आरशासारखा आभाळ परत देतो, प्रत्येक पायरीची आडवी कडा चकाकते आणि घाट वहीच्या रेघांसारखा दिसू लागतो. इथे अनेक जण लेन्सपुढे पोलरायझर नावाची फिरती काच लावतात. तो फिरवला की ओल्या पृष्ठभागावरची चकाकी जाते आणि दगडाचा मूळ रंग दिसतो, मात्र जवळपास दीड स्टॉप उजेडही जातो. हिरव्या शेवाळाचा रंग हवा असेल तर तो लावावा. मला चकाकीच हवी असते, म्हणून पावसाळ्यात माझा पोलरायझर कपाटात असतो. आभाळ भरून आलेले असताना सावली नसते म्हणून नाउमेद होऊ नये, कारण त्या दिवशी आभाळच दगडावर उतरलेले असते.

पाचवी पायरी : चौकटीच्या चार कडा

नवशिका मधोमध पाहतो. बोट दाबण्याआधी डोळा एकदा चौकटीच्या चारही कडांवरून फिरवावा, एवढी एक सवय लावून घेतली तरी अर्धी छायाचित्रे सुधारतात. कुणाचा अर्धा हात आत आला आहे का, विजेची तार कोपऱ्यातून तिरकी गेली आहे का, पायरीची रेघ नेमकी कोपऱ्यात संपते आहे का, हे तिथेच कळते. घाटावर आडव्या रेघा इतक्या असतात की कॅमेरा किंचित कलला तरी सगळे चित्र नदीत घसरल्यासारखे दिसते. म्हणून मी शक्यतो पायरीवर बसून काढतो. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला आला की पायऱ्या समोर उभ्या राहतात आणि धुणे धुणारी माणसे वरून पाहिल्यासारखी खुजी होत नाहीत.

चौकट आधी ठरवावी आणि माणसाची वाट पाहावी, ही माझी नेहमीची रीत आहे. भिंत, तिच्यावरची तिरीप आणि मोकळी पायरी अशी चौकट जुळली की मी तिथेच बसतो. कधी घागर घेऊन कुणी उतरते, कधी कुत्रे येते, पुष्कळदा कुणीच येत नाही आणि तिरीप निघून जाते.

एक मतभेदाचा मुद्दा. घाटावर निळे प्लास्टिकचे पिंप असते, निवडणुकीचे फ्लेक्स असतात, साबणाच्या वड्यांची रिकामी पाकिटे असतात. ती टाळून, मान वाकडी करून, जणू पेशवाई अजून संपलेली नाही अशी छायाचित्रे काढण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. मीही ती पुष्कळ काढली. पण २५० वर्षांपूर्वीची भिंत आणि तिला टेकवलेले निळे पिंप यांचे नाते हाच आजचा घाट आहे, आणि पिंप वगळले की उरते ती पर्यटन खात्याची दिनदर्शिका. पिंप चौकटीत घ्यावे, मात्र ते आपण घेतले आहे हे पाहणाऱ्याला कळेल अशा जागी घ्यावे. चुकून आलेले आणि मुद्दाम घेतलेले पिंप यांतला फरक लगेच दिसतो.

सहावी पायरी : माणसे

घाटावर जाऊ लागल्यावर सहाव्या-सातव्या रविवारी धुणे आपटणाऱ्या एका आजींनी मला विचारले, “काय रे बाळा, दर रविवारी येतोस, दगडाचे कसले फोटो काढतोस?” मी म्हटले, “आजी, उजेडाचे काढतो.” त्यांनी पिळा झटकला आणि म्हणाल्या, “मग बाजूला हो, माझ्या कपड्यांवरचा उजेड अडवतोयस.” त्यानंतर त्यांनी मला काढू दिले आणि पुढच्या रविवारी मी त्यांना चार बाय सहाचा कागदी फोटो नेऊन दिला. तो त्यांनी पदराला हात पुसून घेतला. घाटावरच्या ओळखी तिथून वाढल्या. विचारले की माणसे सावरून बसतात आणि सहजता जाते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती पहिल्या पाच मिनिटांपुरती खरी आहे. पाच मिनिटांनी माणसे आपल्या कामाला लागतात आणि तुम्ही तिथे आहात हे विसरतात. तेवढे थांबावे. काढलेला फोटो कागदावर छापून द्यावा, फोनवर पाठवलेला दोन दिवसांत हरवतो.

दशक्रियेचे विधी, स्नान करणाऱ्या स्त्रिया आणि पाण्यात उतरलेली लहान मुले यांची छायाचित्रे मी काढत नाही, विचारूनही नाही. शोकात असलेला माणूस नाही म्हणण्याच्या मनःस्थितीत नसतो, म्हणून त्याच्या होकाराला अर्थ नसतो. देवळाच्या गाभाऱ्यात कॅमेरा नेण्याआधी पुजाऱ्यांना विचारावे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगी काढावी लागते.

सातवी पायरी : निवड

घरी आल्यावर त्याच रात्री कार्डावरची छायाचित्रे दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवावीत आणि महिन्यातून एकदा तिसरी प्रत घराबाहेर, भावाच्या किंवा मित्राच्या घरी ठेवावी. एक कार्ड अचानक वाचता येईनासे झाल्यामुळे कृष्णाबाईच्या उत्सवाची माझी एक अख्खी सकाळ गेली आहे, म्हणून हा आग्रह.

उतरवली की ती तीन आठवडे पाहायची नाहीत. त्या सकाळची थंडी, चहा, झालेल्या गप्पा हे सगळे आठवत असते तोवर आपण छायाचित्र पाहत नसतो, आठवण पाहत असतो. मी एकदा पहाटे चारला उठून, कुडकुडत, दीड तास थांबून धुक्यातल्या नावेचे एक छायाचित्र मिळवले होते आणि वर्षभर ते माझे सर्वांत लाडके होते. बायकोने ते पाहून विचारले, “यात काय आहे?” मी धुके, थंडी, पहाट असे सांगू लागलो, तेव्हा तिने माझ्या हातातला कागद घेतला आणि म्हणाली, “ते तुम्ही सांगताय. कागदावर कुठंय?” कागदावर खरेच नव्हते. घेतलेले कष्ट छायाचित्रात दिसत नाहीत. ते मान्य करणे हा निवडीतला सर्वांत अवघड भाग आहे.

एका फेरीत बारा आणि वर्षात साधारण पन्नास फेऱ्या धरल्या तर सुमारे ६०० छायाचित्रे होतात. पहिल्या चाळणीत उघड चुका असलेली काढून टाकावीत : हललेली, जळालेली, कडेला गोंधळ असलेली. त्यानंतर साठ उरेपर्यंत निवडावे आणि ती साठ स्वस्तातल्या चार बाय सहाच्या कागदावर छापून घ्यावीत. हा खर्च टाळू नये. पडद्यावर एका वेळी एकच चित्र दिसते, चटईवर मात्र साठही एकदम दिसतात आणि एकाच भिंतीची सात छायाचित्रे आपण सात वेगवेगळ्या नावांनी ठेवली आहेत हे तिथे उघडे पडते. सातांतले एक ठेवावे. कोणते, हे ठरत नसेल तर सगळी उलटी करून ठेवावीत. चौकटीतले काय आहे हे ओळखू येईनासे झाले की उजेड-अंधाराची मांडणी तेवढी दिसते आणि कमकुवत चित्र लगेच कळते.

साठांची बारा करताना मी एकच प्रश्न विचारतो : जो या घाटावर कधी आलेला नाही, त्याला हे छायाचित्र शेजारच्या छायाचित्राने न सांगितलेले काही सांगते का? या प्रश्नापुढे माझे सगळे सूर्यास्त गळून पडले. बारा उरल्यावर त्यांचा क्रम लावावा. महिन्यांप्रमाणे लावणे सोपे, पण नीरस असते. एकातली आडवी रेघ दुसऱ्यात पुढे जाते, एकातला पाठमोरा माणूस दुसऱ्यात समोर येतो, असे काही सापडते का ते पाहावे. हे काम मला सहज चार-पाच रविवार पुरते.

आठवी पायरी : संस्करण आणि कागद

कॅमेऱ्यात सोय असेल तर रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली माहिती न आटवता, साठवावे. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या आटवलेल्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४ असतात, त्यामुळे काळ्या दगडातला तपशील उचलताना चित्र फाटत नाही. यापलीकडे मी संगणकावर फारसे करत नाही : क्षितिज सरळ करणे, उजेड थोडा कमी-जास्त करणे, कडा किंचित गडद करणे. एका छायाचित्रावर दहा मिनिटांहून अधिक वेळ लागू लागला तर ते छायाचित्र मुळात बसलेले नाही असे समजतो.

काळा दगड आणि पांढरे धुके पाहिले की कृष्णधवलाचा मोह होतोच. तो पुष्कळदा योग्य असतो, पण रंग जमले नाहीत म्हणून कृष्णधवल करणे ही पळवाट आहे. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी आयुष्यभर भारत रंगातच टिपला, आणि त्यांची छायाचित्रे पाहिल्यावर दगडाजवळच्या एका पिवळ्या लुगड्याचे वजन किती असते ते कळते. मी वर्षाच्या सुरुवातीलाच रंगीत की कृष्णधवल हे ठरवतो आणि मग बदलत नाही.

छपाईसाठी आठ बाय बारा इंच हा आकार चांगला आहे. दर इंचाला ३०० ठिपके धरले तर २४०० गुणिले ३६००, म्हणजे जेमतेम ८६ लाख पिक्सेल लागतात. हे आजच्या साध्या फोनलाही जमते, त्यामुळे मोठ्या आकड्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. आठ बाय दहा मागितले तर मात्र दोन इंच कुठून तरी कापले जातात. एका लॅबमध्ये मी हे न सांगता काम दिले आणि परत आलेल्या छायाचित्रांत पाण्यातली प्रतिबिंबे पायांपाशीच कापलेली होती. चूक माझीही होती, कापू नका असे मी लिहून दिले नव्हते. कागद मॅट घ्यावा, चकचकीत कागदावर काळा दगड खिडकी दाखवत राहतो. पडदा बहुधा गरजेपेक्षा जास्त उजळ असतो, त्यामुळे पहिली छपाई अंधारी येते. म्हणून आधी एकाच छायाचित्राच्या तीन लहान प्रती उजेड थोडा थोडा वाढवत छापून घ्याव्यात आणि त्या दिवसाच्या उजेडात पाहाव्यात.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. कॅमेऱ्याच्या कातडी पिशवीत लेन्स चार महिने ठेवून मी ती एकदा ओढवून घेतली आहे. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटल्या होत्या. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून लेन्स ठेवावी, पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या कराव्यात, आणि लेन्स आठवड्यातून एकदा तरी उजेडात आणून वापरावी.

बारा छायाचित्रे तयार झाली की ती कपाटात ठेवू नयेत. घरातल्या रोज जाण्यायेण्याच्या भिंतीवर लावावीत आणि वर्षभर तशीच राहू द्यावीत. काही छायाचित्रे महिन्याभरात दिसेनाशी होतात. आपण त्यांच्यासमोरून जातो आणि नजर थांबत नाही. ती उतरवावीत आणि त्या जागी काहीतरी लावायचेच म्हणून दुसरे लावू नये. माझ्या भिंतीवरची तीन गेल्या दिवाळीच्या साफसफाईत उतरली. एका जागी जूनमधल्या ओल्या पायऱ्या आल्या आहेत, बाकीच्या दोन ठिकाणी नुसते खिळे आहेत.